राजूर घाटातलं लाल निशाण

पुण्याहून निघताना मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना लोणारचं नाव सांगितलं. तिथलं खाऱ्या पाण्याचं तळं पाहायचं आहे, जमलं तर त्यावर चार पानं लिहायची आहेत, असं म्हटलं की कोणी जास्त विचारत नाही. एका परिचित संपादकांनी तर 'लिहाच' म्हणून आग्रह धरला. ती चार पानं लिहायला मी आज बसलो आहे, पण त्यांत लोणार नाही. देऊळगावराजाजवळ लोणारकडे जाणारा रस्ता उजवीकडे सुटतो. तिथं मी गाडी थांबवली, त्या रस्त्याकडे जरा वेळ पाहिलं आणि चिखलीच्या रस्त्याला लागलो.

मला जायचं होतं मोताळ्याला. बुलढाण्याच्या पठारावरून घाट उतरून खाली मलकापूरकडे निघालं की लागणारं हे बाजाराचं गाव. माझी मुलगी कुंदा हिनं आपलं लग्न आपणच ठरवत आणलं होतं. मुलगा मोताळ्याचा, मधुकर नावाचा. पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकायला होता, आमच्या आळीतल्या खानावळीत जेवायचा. आता अकोल्याला नोकरीवर होता. जात एकच. पत्रिका मी मानत नाही. अडचण होती ती माझ्या स्वभावाची. कुंदाची आई जाऊन बरीच वर्षं झाली. पोरीला आपण कोणाच्या घरात देतो आहोत हे बघायला दुसरं कोणी नाही, या विचारानं माझी झोप उडाली होती.

कुंदा म्हणाली होती, "बाबा, तुम्ही त्यांच्या घरी रीतसर जाऊन या. बसा, बोला. तुमचं मन मानलं नाही तर मी हट्ट करणार नाही."

तिनं सगळं माझ्यावर सोपवलं होतं. मी परत येऊन जशी मान हलवीन, तसं ठरणार होतं. आणि मी रीतसर गेलो नाही.

स्थळाची चौकशी बाहेरून, नाव न सांगता करायची आपल्याकडे पद्धतच आहे. त्यात कोणी वावगं मानत नाही. शिवाय माझा धंदाही तोच. आगविम्याच्या एका कंपनीत मी दाव्यांची तपासणी करतो. गोदाम जळालं म्हणून कोणी कागद पाठवले की ते जळालं की जाळलं, हे बघायला मला धाडतात. समोरचा खरं बोलतो आहे असं धरून चालायची सवय मला राहिलेली नाही. घरीही राहिलेली नाही, हे कुंदा एकदोनदा बोलून गेली आहे.

गाडी माझी स्वतःची. जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, चढावर धापा टाकणारी. पण धड गाडी असती तरी मी हळूच चालवली असती. ताशी वीस मैलांच्या वर काटा गेला की मला वाटतं, पुढच्या वळणाआड कोणी तरी आपली वाट पाहत असणार. मागचे लोक भोंगे वाजवून वाजवून पुढं निघून जातात. पुढं जाणारा काही लपवण्यासाठीच घाईत आहे, असं माझं मत असे.

औरंगाबादला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मी वऱ्हाडात शिरलो. राज्य एक होऊन चारपाच वर्षं झाली होती, पण जालना मागं पडलं की बोलणं बदलतं, रस्ता बदलतो आणि परक्याकडे बघायची नजरही बदलते. मैलांचे जुने दगड उपटून किलोमीटरचे नवे बसवत होते. काही ठिकाणी दोन्ही उभे होते आणि त्यांचं आपसांत पटत नव्हतं. दिवाळी होऊन गेलेली. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशीची झाडं) फुटून पांढरी झाली होती. बायका कमरेला ओटी बांधून वेचणी करत होत्या. माझी गाडी दिसली की त्यांचे हात थांबत.

चिखलीच्या अलीकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागली. तिच्या मागं मी मुकाट्यानं चाललो होतो. एक सायकलवाला माझ्या खिडकीशी आला आणि माझ्याच वेगानं सायकल मारत बोलू लागला.

"साहेब, मोजणी हाय काय?"

"कसली मोजणी?"

"वावराची (शेताची). ते सीलिंगचं निघालं ना."

जास्तीची जमीन काढून घेण्याच्या कायद्याची अंमलबजावणी नुकतीच सुरू झाली होती. मी नाही म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही.

"मंग इतक्या हळू काऊन (का) चालवून राह्यले? बिनकामाचा माणूस कधी हळू जात नाई."

तो पुढं गेला आणि एका बांधावर उतरून तिथल्या माणसाला काही सांगू लागला. दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मी काच वर केली. आपल्याला इथं कोणी ओळखत तर नसेल, अशी शंका उगाचच आली.

चिखलीत पेट्रोल घेतलं. त्यात रॉकेल मिसळलं असेल म्हणून बोटावर घेऊन हुंगलं, तेव्हा पंपावरचा माणूस शांतपणे म्हणाला, "चाखून पाहा." जेवण एका घरगुती खानावळीत झालं. कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), वांग्याचं भरीत, वर कच्च्या तेलाची धार आणि मिरचीचा ठेचा. असं भरीत मी आयुष्यात खाल्लं नव्हतं. वाढणारी बाई पुन्हा पुन्हा आग्रह करत होती. हिला आपल्याकडून काय हवं असेल, असा विचार करत मी तिसरी भाकरी संपवली. तिला काहीच नको होतं. उठताना तिनं पाण्याचा तांब्या भरून गाडीत ठेवायला दिला. तांब्याचं काय करू म्हणून विचारलं, तर "परत जातानी द्या, नाई तर राहू द्या," म्हणाली.

त्या दिवशी बुलढाण्याला राहिलो. थंड हवेचं, टुमदार गाव. सकाळी लवकर निघून राजूर घाटाच्या तोंडाशी आलो तर लाकडी आडणा आडवा घातलेला. पावसाळ्यात दरीकडचा बांध खचला होता आणि दुरुस्ती चालू होती. रस्ता निम्माच उरला होता. म्हणून गाड्या आळीपाळीनं सोडत होते. वरच्या नाक्यावरून एक तुकडी खाली जायची, मग खालची वर यायची. मध्ये वळणंच वळणं, एका नाक्यावरून दुसरा दिसत नाही. तेव्हा त्यांनी एक युक्ती केली होती. तुकडीतल्या शेवटच्या गाडीवाल्याकडे लाल कापडाचं निशाण द्यायचं. तो ते दुसऱ्या टोकाला नेऊन देईपर्यंत तिकडचा आडणा उघडायचा नाही.

शेवटची गाडी अर्थातच माझी होती.

नाक्यावरच्या मुकादमानं निशाणाची काठी खिडकीतून आत दिली. "हे धरा. खाली गेल्यावर द्यायचं. तुम्ही पोचत नाई तोवर खालचे सारे तुमच्या नावानं बसून राह्यतात, हे ध्यानात ठेवा."

बाजूला पाटी होती. घाटात वाहन रेंगाळत ठेवू नये, विलंब करणाऱ्यास दंड होईल. वाहने सावकाश हाका अशा पाट्या मी पुष्कळ पाहिल्या होत्या. सावकाश हाकण्याबद्दल दंड सांगणारी ही पहिलीच. ती मला उद्देशूनच लिहिली आहे असं वाटलं.

उतरताना उशीर झालाच. खालच्या नाक्यावरच्या पोलिसानं निशाण घेतलं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि पुण्याच्या नंबराकडे बघत म्हणाला, "येतानी असं करू नका. तवा सोडनार नाई."

मोताळ्यात त्या दिवशी बाजार होता. सरकीची पोती, मिरचीचे ढीग, शेंगदाणा, गुळाच्या भेल्या, बैलांच्या गळ्यातले घुंगुरपट्टे. मी गाडी दूर लावली. आधी पानवाल्याकडे गेलो, मग कापडवाल्याकडे, मग केस कापायला बसलो. सगळीकडे गोष्ट तीच सांगितली. आपण सरकीचे व्यापारी, अमुक घराशी देवघेव करायची आहे, माणसं कशी आहेत?

"माणसं माणसासारखी हायेत," पानवाला म्हणाला.

"म्हणजे चांगली?"

"तुमाले सरकी पाह्यजेत का माणसं?"

कापडवाल्यानं, मी विचारलेलं सोडून, लुगडी दाखवली. न्हाव्यानं मात्र बराच वेळ लावला. मी एक विचारलं की तो मला दोन विचारायचा. मुलंबाळं किती, पोरगी काय शिकली, पुण्यात घर स्वतःचं का. मी खोटी उत्तरं देत गेलो. कुठं तरी एखादं खरंही निसटलं असावं. बाहेर पडलो तेव्हा पारावरच्या माणसांत एकजण दुसऱ्याला म्हणत होता, "थो (तो) नाई बे सीलिंगवाला." मी तिथं पोचल्यावर दोघंही आकाशाकडे बघू लागले.

त्या घरावरून मी दोनदा गाडी नेली. माळवदाचं, मोठ्या दाराचं घर. ओट्यावर एक म्हातारी बाई शेंगा फोडत बसली होती. पहिल्या वेळी तिनं माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या वेळी तिनं हात वर करून मला बोलावलं. ती पाणी प्यायला बोलावत असेल, दुसरं काय असणार. मी पाहिलं न पाहिल्यासारखं करून निघून आलो.

दुपार कलली तेव्हा माझ्या हाती काहीच नव्हतं. एस.टी.च्या थांब्यापाशी एक धोतरटोपीतला, भरदार मिशांचा गृहस्थ उभा होता. त्यानं हात केला.

"बुलढान्याले जाऊन राह्यले काय पाव्हणे? मले घेता?"

अनोळखी माणसाला मी गाडीत घेत नाही. पण घाट चढेपर्यंत हा माणूस माझ्याशेजारून हलणार नाही, विचारायला मोकळा वेळ मिळेल, असा हिशेब मी केला आणि दार उघडलं. नाव त्यानं किसनराव सांगितलं. जवळच्याच खेड्यात पन्नासेक एकर जमीन, बोलायची हौस दांडगी. मी सरकीचं पालुपद लावलं आणि त्या घराचं नाव काढलं.

"अरे बापा," ते म्हणाले. "त्यायच्याशी धंदा करता? जपून करा."

खालच्या नाक्यावर पोहोचलो तर पुढच्या गाड्या सुटतच होत्या. मागं कोणी नव्हतं. सकाळच्याच पोलिसानं निशाण हातात दिलं, तिथल्या तशाच पाटीकडे बोट दाखवलं आणि बाजूला झाला.

चढ सुरू झाला. मी विचारलं, "जपून म्हणजे?"

"मालक चिडका. शेजाऱ्यासंग विहिरीवरून कोर्टात भांडून राह्यला. बैल त्याचेच पानी पेतात तिथं, अन् शेजाऱ्याचे बी. पन कोर्ट सुटत नाई."

मी वेग थोडा कमी केला. खड्डे होते, असं स्वतःला सांगितलं.

"आणि घरात?"

"घरात म्हातारीचं राज्य. सुनांनी तिच्या आधी चहा पेला तर दिवसभर ऐका. आता म्हातारी गोड हाय, पन तिखटगोड."

ओट्यावरचा तो वर झालेला हात मला आठवला. पुढच्या गाड्यांचा आवाज आता येईनासा झाला होता. दरीत सागाची पानं वाळून खडखडत होती. काटा दहावर होता. शेवटी मी विचारायचं ते विचारलं. "मुलगा कसा आहे? अकोल्याला असतो म्हणे."

किसनरावांनी मिशीवरून हात फिरवला. "सरकी घ्याले पोट्टा काऊन लागते तुमाले?"

"असंच विचारलं."

"असंच असन तर सांगतो. त्याची खामगावची एक सोयरीक मोडली होती. ठरली होती, सुपारी फुटली होती, अन् मोडली."

मी गाडी थांबवली. ब्रेक मीच दाबला आणि मीच दचकलो. घाटाच्या मध्यावर, एका वळणाच्या पोटात, मागच्या सीटवर लाल निशाण पडलेलं, आणि मी गाडी उभी केली. "इंजिन तापलंय," मी म्हणालो. चिखलीच्या बाईनं दिलेला तांब्या काढला, बॉनेट उघडलं आणि नसलेल्या वाफेकडे बघत विचारलं, "का मोडली?"

"पाजा गाडीले पानी. मंग सांगतो."

मी पाणी घातलं. ते दगडावर बसले, चंची काढली, सुपारी कातरली.

"पोरीच्या बापानं काही ऐकलं म्हणतात."

"काय ऐकलं?"

"ते आपन कसं सांगाव? कोनाच्या पोराचं वाटोळं आपल्या तोंडानं कशाले?"

मी विनवण्या केल्या. ते पान चघळत राहिले. वर कुठं तरी, फार वर, भोंगा वाजला. मग दुसरा. मला ते ऐकू आले होते. हे इथं लिहून ठेवतो, कारण नंतर मी सांगताना ऐकू आलं नाही असंच सांगितलं असतं. निशाण माझ्याकडे आहे, वर लोक खोळंबले आहेत, हे सगळं मला कळत होतं. आणि मी विचारत होतो, "दारूचं काही होतं का? दुसरी कोणी बाई?"

"चला आता," किसनरावच शेवटी उठले. "लै वेळ झाला."

वरच्या नाक्यावर पोहोचलो तर आडण्यापलीकडे दोन ट्रक, एक जीप आणि मलकापूरला निघालेली एस.टी. उभी. उतारू खाली उतरून रस्त्यावर पसरले होते. माझी गाडी दिसताच सगळे उठले. मुकादमानं निशाण जवळजवळ हिसकावून घेतलं.

"झोपले होते काय हो? आमाले वाटलं गाडी गेली दरीत. मानूस पाठवून राह्यलो होतो पाह्यले."

एक ट्रकवाला म्हणाला, "झोपला असता तरी गाडी आपोआप आली असती एवढ्या वेळात."

लोक हसले. बुलढाण्याकडचा एक जमादार तिथं उभा होता. तो खिडकीशी आला. "नाव काय? गाव? इकडं काय काम काढलं? घाटात काऊन थांबले?"

दंड किरकोळच असणार होता. भरून टाकला असता तर संपलं असतं. पण चौघांदेखत नाव सांगायचं, काम सांगायचं, आणि त्यांतला एक जरी मोताळ्याचा निघाला तर? पुण्याचा बाप चोरासारखा गावात फिरून गेला, हे संध्याकाळपर्यंत त्या ओट्यावर पोचलं असतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी काय करू? ह्यांना घाटात उलट्या होत होत्या. सारखं थांबवावं लागलं."

आणि मी किसनरावांकडे बोट केलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. बाजारात एखादी वस्तू उलटून तिचा तळ बघावा, तसं पाहिलं. मग जमादाराला म्हणाले, "हाव. मळमळलं मले. वय झालं आता."

"वय झालं तं भजे कमी खावं काका," मुकादम म्हणाला. "साऱ्या दुनियेले अडकून ठेवलं तुम्ही."

ते खाली मान घालून ऐकून घेत होते. गर्दीतून आणखी दोघाचौघांनी त्यांना सुनावलं. मी सुकाणूवर हात ठेवून बसलो होतो.

एस.टी. सुरू झाली. आमच्या गाडीच्या अगदी शेजारून ती पुढं सरकली, तेव्हा खिडकीतली एक बाई कंडक्टरला विचारत होती. माझ्याच वयाची असेल. मांडीवर फडक्यात बांधलेला डबा होता, डिंकाच्या लाडवांचा असावा असा वास आला.

"मलकापूरले भुसावळची गाडी सापडन ना भाऊ?"

"आता कशाची सापडते माय. रातच्यानं जा."

"पोरगी एकटी हाय तिथं. तिचे दिवस भरले."

 बाईनं सहज बाहेर पाहिलं. तिच्या नजरेत माझ्याबद्दल काहीच नव्हतं, कारण तिला वाटत होतं की उशीर शेजारच्या म्हाताऱ्यामुळं झाला. तिनं किसनरावांना म्हटलं, "जपा बाबा तब्येतीले." आणि बस उताराला लागली.

 बुलढाण्यात शिरल्यावर किसनराव म्हणाले, "त्या हाटेलापाशी थांबा. चहा पाजा मले. उलट्या झाल्या ना."

चहा आला. त्यांनी बशीत ओतला, फुंकला, प्यायला आणि बशी खाली ठेवून म्हणाले, "मी मधुकरचा मामा."

मी कप खाली ठेवला.

"सकायी पानवाल्यानं निरोप धाडला, कोनी तरी सरकीवाला बनून आला म्हणून. मंग न्हावी आला सांगत, पोरीचा बाप हाय, पुन्याचा हाय. आमच्या मधूनं तुमच्या पोरीचं घरी सांगितलं होतं. आमी वाटच पाहत होतो. म्हातारीनं तर तुमाले हात बी केला, सैपाक करून ठेवला होता. तुम्ही गेले निघून. मंग घरचे म्हणाले, किसन, जाऊन पाहाय मानूस कसा हाय."

"म्हणून तुम्ही थांब्यावर उभे होता."

"हाव. तुम्ही आमाले पाहून राह्यले होते, आमी तुमाले."

मी विचारलं, आणि विचारताना माझीच मला लाज वाटली, "मग ती खामगावची सोयरीक?"

"विहिरीचं खरं हाय. म्हातारीचं खरं हाय. ती सोयरीक मी मनानं रचली. म्हटलं पाहू, पोरीच्या बापाले किती वाईट ऐकाले आवडते. तुम्ही तं गाडीच उभी केली."

 मग आवाज बदलून म्हणाले, "पन पाव्हणे, मी बी दगडावर सुपारी कातरत बसलो ना. भोंगे मले बी ऐकू आले. तुमच्या फजितीची मजा पाहून राह्यलो होतो. ती माय तिकडं गाडीसाठी..." 

मी म्हणालो, "तुम्ही तिथं माझं खोटं उघडं का नाही पाडलं?"

"पाडून काय करू? उद्या तुम्ही आमचे व्याही झाले तं?"

"आता घरी काय सांगाल?"

"काई सांगनार नाई. म्हणीन, मानूस भेटला, घाईत होता." हे म्हणताना त्यांच्या मिशीआड हसू आलं आणि लगेच गेलं. "तुमच्या पोरीले मात्र तुम्ही सांगा. सारं सांगा. मले उलटी कशी झाली ते बी. मंग तिनं हो म्हटलं तं रीतसर या. म्हातारी वाट पाह्यते."

ते उठले, टोपी झटकली आणि परतीच्या गाडीची चौकशी करायला थांब्याकडे चालत गेले. मी त्यांना सोडतो म्हणालो, तर हात जोडून म्हणाले, "नको. तुमच्या गाडीत बसलो तं उद्या पोचीन."

परतीच्या वाटेवर चिखलीला थांबून मी त्या बाईचा तांब्या दिला. तिनं तो आत नेऊन ठेवला आणि जेवायला बसा म्हणाली. भूक नव्हती, पण बसलो. तिला आपल्याकडून काय हवं असेल, हा विचार या खेपेला मनात आला तो आला, पण मी त्याच्यामागं गेलो नाही. पुढं रस्ताभर माझ्या मागून भोंगे वाजत होते. पूर्वी मी रस्त्याच्या मधोमध ठाम राहत असे. आता प्रत्येक भोंग्याला डावीकडे घेत होतो. मागून येणारा कुठं, कोणाकडे चालला आहे ते मला थोडंच माहीत होतं.

पुण्यात पोहोचलो तो कुंदा दारातच होती. "कशी आहेत माणसं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, आधी बस. आणि तिला सगळं सांगितलं. लोणारच्या थापेपासून सुरुवात केली. सरकीचा व्यापारी सांगितला, म्हातारीचा वर झालेला हात सांगितला, घाटातलं वळण, भोंगे, आणि किसनरावांकडे केलेलं बोट सांगितलं. आपल्या मुलीसमोर असं बसायची ती माझी पहिलीच वेळ. मध्ये तिनं एकदाही मला थांबवलं नाही. मला वाटलं, ती म्हणेल, आता ते लोक मला कशाला करून घेतील. किंवा म्हणेल, तुम्ही असं करू शकता हे मला ठाऊक होतं. त्यांतलं दुसरं ऐकायची तयारी मी वाटभर केली होती.

तिनं विचारलं, "मग त्या बाईला पुढची गाडी मिळाली?"

"मिळाली असेल," मी म्हणालो. मग थांबलो. "मला माहीत नाही. मी विचारलं नाही."

अर्धा दिवस त्या गावात मी पानवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना सगळं विचारत फिरलो होतो. त्या बाईचं नाव विचारलं नाही. मलकापूरला फार लांब जायचं नव्हतं. मागोमाग गेलो असतो, स्टेशनवर शोधलं असतं, तर रात्रीपर्यंत निदान तिच्याजवळ बसून राहता आलं असतं, उशीर कोणामुळं झाला ते सांगता आलं असतं. मी चहा प्यायलो आणि पुण्याला आलो.

 बाहेर दिवे लागले तेव्हा कुंदा म्हणाली, "मी तिथं जाणार आहे, बाबा. ते बदलत नाही. पण आपण जायचं ते एस.टी.नं. आणि म्हातारीनं विचारलं की आधी का नाही थांबलात, तर तिला तुम्ही सांगायचं."

पुढच्या महिन्यात आम्ही निघतो आहोत. घाटातलं काम तोवर संपलेलं असेल, निशाणं गेली असतील. तरी खालून वर येणाऱ्या आणि वरून खाली जाणाऱ्या प्रत्येक बसच्या खिडक्या मी पाहत जाईन, हे मला आत्ताच कळतं आहे. ती भेटेलच असं नाही. भेटली तर पहिल्यांदा तिच्या मुलीचं विचारीन. मग बाकीचं सांगीन.